मदत हवी आहे: गुलामगिरी कोणत्या रकान्यात लिहायची?

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेक आठवीत आहे. अमेरिकन यादवी युद्धाआधी उत्तर आणि दक्षिणेत काय फरक होते, याचा तक्ता करायचाय. रकाने शाळेनेच आखून दिलेत: आर्थिक, राजकीय, सामाजिक. माझं शिक्षण तिकडचं. आमच्या पुस्तकात हे युद्ध मुंबईच्या कापूस-तेजीपुरतं एका ओळीत येऊन गेलं, त्यामुळे माझी मजल तेवढीच.

आर्थिकमध्ये तिने लिहिलं, उत्तरेत कारखाने आणि रेल्वे, दक्षिणेत कापूस. बरोबरच आहे, १८६० च्या सुमारास देशाच्या निर्यातीत निम्म्याहून जास्त वाटा एकट्या कापसाचा. पण तो पिकवणारे कोण? तेव्हा जवळपास ४० लाख माणसं गुलाम होती, आणि त्यांची बाजारातली किंमत देशभरच्या रेल्वे आणि कारखान्यांतल्या भांडवलापेक्षा जास्त होती. "मग माणसं मालमत्तेत लिहू?" असं लेकीने विचारलं. मला काही सुचलं नाही.

राजकीयमध्येही तेच. १८२० ची मिसुरी तडजोड, १८५४ चा कॅन्सस-नेब्रास्का कायदा, १८५७ चा सुप्रीम कोर्टाचा ड्रेड स्कॉट खटल्यातला निकाल. सगळीकडे भांडण एकच: नव्या मुलखात गुलामगिरी जाऊ द्यायची की नाही.

त्यात नवरोबांचं म्हणणं, युद्धाचं खरं कारण आयात मालावरची जकात. जकातीवरून साउथ कॅरोलायनाने १८३२ मध्ये दंड थोपटले होते, हे खरं. पण १८५७ मध्ये दर उतरवले होते. वाढीव दरांचा मॉरिल कायदा झाला मार्च १८६१ मध्ये, तोवर दक्षिणेतली सात राज्यं संघराज्यातून फुटूनही गेली होती! मिसिसिपीने तर आपली भूमिका गुलामगिरीशी बांधलेली आहे असं जाहीरनाम्यात स्वतःच लिहून ठेवलंय. (हे ऐकवल्यावर साहेब भांडी घासायला उठले.)

आता अडलंय ते असं. गुलामगिरी तिन्ही रकान्यांवर आडवी पट्टी काढून लिहिली तर चालेल का? जकातीला एक ओळ द्यावी की जास्त? आणि नकाशाला दोन रंग पुरत नाहीत. केंटकी, मिसुरी, मेरीलँड, डेलावेअर इथे गुलामगिरी होती तरी ती संघराज्यातच राहिली, आणि व्हर्जिनियाचा डोंगराळ पश्चिम भाग तर १८६३ मध्ये वेगळं राज्य झाला. इथल्या शाळांत शिकवणारं कुणी असेल तर प्लीज सांगा, तिसरा रंग दिला तर गुण कापतात का?

शुक्रवारी द्यायचाय.