गिरण्यांच्या जमिनीवरचं प्रदर्शन: मागे कोणतं संगीत वाजवावं?

लालबागची वाचक
१ मेला आमच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये दिवसभर प्रदर्शन आहे. एका भिंतीवर चाळींचे फोटो, समोरच्या भिंतीवर गिरण्यांच्या जमिनीवर उभे राहिलेले टॉवर. मध्ये एक तक्ता. १९९१ च्या नियमात या जमिनीचे तीन वाटे होते: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल ग्राह्य धरला. लोकांनी थांबून हा तक्ता वाचावा, एवढीच माझी धडपड आहे. माझे वडील साचेखात्यात, म्हणजे गिरणीत मागावर कापड विणायच्या खात्यात होते. ८२ च्या संपानंतर त्यांना गिरणीत परत घेतलं नाही.

समितीतले काहीजण म्हणतात, मागे मंद बासरी लावू. मला ते पटत नाही. काय लावावं?

कोकणी माणूस
वामनदादा कर्डकांचं गाणं लावा ना, धनाचा साठा कुठंय आणि त्यात आमचा वाटा कुठंय असं विचारणारं. तुमच्या तक्त्याचाच प्रश्न आहे तो.

हलगीवाला
गाणं अगदी बरोबर, पण मागे लावू नका. मी कलापथकात वाजवतो आणि साउंडही बघतो, म्हणून आग्रहाने सांगतो. त्या गाण्यातला प्रश्न समोरच्या माणसाला विचारलेला आहे, कोरसने उचललेला आहे. आवाज बारीक करून चहाच्या गप्पांखाली तो वाजत राहिला तर गाणंही गेलं आणि प्रश्नही. शिवाय कानात मराठी शब्द पडत असताना डोळ्यांनी मराठी तक्ता वाचता येत नाही. अण्णाभाऊंच्या ‘माझी मैना’ छक्कडीचंही तेच. गावी बायको ठेवून मुंबईला आलेल्या माणसाची ती कहाणी संयुक्त महाराष्ट्रापर्यंत जाते. अर्धवट ऐकून काही हाती लागत नाही.

म्हणून शाहिरी सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. बाकी सगळं बंद, लोक खाली बसलेले, ढोलकी, तुणतुणं, डफ, झांज. रेकॉर्ड नको, माणसं गाऊ देत.

उरलेला दिवस मागाचा आवाज लावा. भिवंडीला धोट्याचे माग अजून चालतात. परवानगी घेऊन रेकॉर्ड करा, पण दाराबाहेरून. आत मोबाइल धरलात तर आवाज फाटतो. स्पीकर एकच ठेवा, चाळींच्या भिंतीपाशी. टॉवरच्या बाजूला काहीही नको. माणूस चालत तिकडे जाईल तसा माग मागे पडेल.

बासरीला तुमचा नकार योग्यच आहे. तिने फोटो करुण होतात, माणूस हळहळतो आणि निघून जातो. तुमचा तक्ता हिशेब मागतोय.

दादरचा वकील
परवान्याचं बघून ठेवा. कंपनीची रेकॉर्ड जाहीर ठिकाणी वाजवायला परवाना लागतो. शब्दांवरचा आणि चालीवरचा हक्क कवी-संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं टिकतो. अण्णाभाऊ १९६९ मध्ये गेले, म्हणजे २०२९ अखेरपर्यंत. वामनदादा तर २००४ मध्ये. मात्र हौशी मंडळाने तिकीट न लावता गायलं तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. प्रवेश फुकटच ठेवा. कार्यक्रमाचा व्हिडिओ नेटवर टाकायचा असेल तर त्याची परवानगी वेगळी.

लालबागची वाचक
एकाच बाजूला आवाज ही कल्पना फार आवडली. भिवंडीत ओळखीचा कारखाना आहे, येत्या रविवारी जाते. प्रवेश फुकटच आहे.

एक शंका आहे. उद्घाटनाला जुने कामगार येतील. साचेखात्यातल्या कितीतरी जणांचे कान त्या खडखडाटाने गेले, बाबांचेही. त्यांच्यासमोर तोच आवाज लावणं बरं दिसेल का?

हलगीवाला
आदल्या दिवशी बाबांना आणि त्यांच्या दोन-तीन सोबत्यांना हॉलवर बोलवा. रेकॉर्डिंग त्यांना ऐकवा, आवाज किती ठेवायचा ते त्यांनाच ठरवू द्या. नको म्हणाले तर लावू नका, शाहिरी पुरेशी आहे. लावा म्हणाले तर प्रत्येक तासाला थोडा वेळ बंद ठेवा, म्हणजे त्यांना बोलता येईल. त्या दिवशी लोकांनी त्यांच्याशी बोलायला हवं.