गेमची तारीख कधी जाहीर करावी?

प्रश्न

मी आणि माझी बहीण तीन वर्षं एक गेम बनवतोय. कोड आणि लेव्हल्स माझ्याकडे, चित्रं आणि ॲनिमेशन तिच्याकडे. नऊपैकी सहा लेव्हल्स सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळता येतात, सातवीत अजून खऱ्या चित्रांच्या जागी राखाडी ठोकळे उभे आहेत. गेम विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानातलं आमचं पान तयार आहे. ताई म्हणते, ट्रेलरच्या शेवटी तारीख टाकू, म्हणजे आपल्यालाही शिस्त लागेल. माझं मन धजत नाही. ‘सायबरपंक २०७७’ची मी दिवस मोजून वाट पाहिली होती. २०२० चा एप्रिल ठरला, मग सप्टेंबर, मग नोव्हेंबर, शेवटी १० डिसेंबर. आला तेव्हा प्लेस्टेशन ४ वर धड चालेना आणि १८ डिसेंबरला सोनीने तो स्टोअरमधून काढून टाकला. आपल्या गेमची वाट बघणाऱ्याच्या वाट्याला तसं काही येऊ नये. तारीख नक्की कधी सांगायची?

उत्तर १

पान आत्ताच उघडा, तारीख मात्र टाकू नका. स्टीमवर नुसतं ‘लवकरच’ असं दाखवता येतं. पान रिलीजच्या किमान दोन आठवडे आधी दिसायला हवं, एवढी अट पाळा. विशलिस्टमध्ये ठेवणाऱ्यांना रिलीज झाल्यावर मेल जातो, त्यामुळे पान जितकं आधी उघडाल तितकं बरं. नेक्स्ट फेस्ट, म्हणजे येणाऱ्या गेम्सचे डेमो खेळायला देणारा स्टीमचा महोत्सव, जपून वापरा, एका गेमला तिथे एकदाच जाता येतं.

उत्तर २

मी चार वर्षं एका स्टुडिओत टेस्टिंग केलंय. तारीख जाहीर झाली आणि सगळ्यात आधी आमचे आठवडे कापले गेले, कारण वेळापत्रकात टेस्टिंग शेवटी होतं.

त्याआधी घोषणेच्या ट्रेलरसाठी पुलावरचा एक पाठलाग केला होता. पूल एकाच बाजूने बांधलेला. कॅमेरा जरा डावीकडे वळला की खाली नुसतं निळं आकाश. शत्रूंना स्वतःची अक्कलच नव्हती, ठरलेल्या सेकंदाला ठरलेल्या दगडामागे पडायचे. दीड मिनिटाच्या त्या दृश्यासाठी अकरा जण सात आठवडे राबले. त्यातलं गेममध्ये काय गेलं, तर कठड्याचं टेक्स्चर, म्हणजे त्याच्या पृष्ठभागावरचं चित्र. पण लोकांनी पूल पाहिला होता, म्हणून खरा पूल बांधावाच लागला. तो कन्सोलच्या मेमरीत मावेना आणि तारीख दोनदा पुढे गेली. मला त्या पुलाचं अजून वाईट वाटतं, कारण ज्या मुलीने तो बांधला तिने फार जीव ओतून काम केलं होतं.

आणि ‘गोल्ड’ या शब्दावर विसंबू नका. सायबरपंक ऑक्टोबर २०२० मध्ये गोल्ड झाल्याचं जाहीर झालं आणि त्याच महिन्यात तारीख पुन्हा ढकलली. गोल्ड म्हणजे डिस्कवर छापायची मास्टर प्रत तयार. बग तेव्हाही निघतच असतात, पहिल्या दिवसाच्या पॅचचं, म्हणजे रिलीजच्या दिवशी डाउनलोड करायच्या दुरुस्तीचं, काम ऐन भरात असतं.

उत्तर ३

मी फक्त खेळणारा. ‘सिल्कसाँग’ फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर झाला आणि ४ सप्टेंबर २०२५ ला आला. नेमकी तारीख कळली ती जेमतेम दोन आठवडे आधी, आणि ते मला आवडलं. मधल्या वर्षांत कुठलाही कार्यक्रम असला की मी त्याच्याच आशेने जागा राहायचो आणि काही न दिसता झोपायचो, त्याचा मात्र त्रास झाला. याउलट ‘मेट्रॉइड प्राइम ४’. २०१७ मध्ये नुसता लोगो दाखवला होता. जानेवारी २०१९ मध्ये निन्टेंडोने व्हिडिओ काढून सांगितलं की काम अपेक्षेप्रमाणे झालं नाही, रेट्रो स्टुडिओजबरोबर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतोय. गेम यायला डिसेंबर २०२५ उजाडला, तरी त्या व्हिडिओनंतर मी निश्चिंत होतो. तारीख नका देऊ, पण अधूनमधून कळवत राहा.

प्रश्न विचारणारा

पुलाचं ताईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती, मग तिने आमचा ट्रेलर उघडला. त्यात सातव्या लेव्हलचा चार सेकंदांचा एक शॉट आहे, दिवे लागलेलं दालन. ते दालन गेममध्ये नाहीच, तिने फक्त ट्रेलरसाठी रंगवलं होतं. तो शॉट तिने स्वतःच काढून टाकला. पान शुक्रवारी उघडतोय, तारखेशिवाय. नववी लेव्हल आमच्या दोघांशिवाय तिसऱ्या कुणीतरी पूर्ण खेळून दाखवली की मगच तारीख ठरवायला बसू. आणि दर महिन्याला पानावर चार ओळी लिहायचं ताईने अंगावर घेतलंय.