सायन्स प्रोजेक्टची आयडिया कोणी शोधायची, मुलांनी की आईबाबांनी?

सातवीची आई: २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन, लेकीला शाळेत प्रोजेक्ट द्यायचाय. "आई तूच सांग ना काय करू" म्हणून मागे लागली, मी नाही सांगितलं. तर सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांनी मलाच धारेवर धरलं. माझं म्हणणं एवढंच की आयडिया हातात देऊ नका, पोरांना प्रश्न पडू द्या. दोन दिवस धुसफुसली आणि तिसऱ्या दिवशी पाणी पिताना म्हणते, आजीच्या जुन्या माठापेक्षा कुंभारवाड्यातनं आणलेल्या नव्या माठातलं पाणी गार का? आता दोन्ही माठ शेजारी ठेवून रोज मापानं पाणी भरते आणि सकाळी किती उरलं ते वहीत लिहिते. नव्यातलं जास्त कमी होतं, कारण ते झिरपून उडून जातं. जुन्याची छिद्रं बोअरच्या पाण्याच्या क्षारांनी बुजलीत, हे तिनंच माठावरचा पांढरा थर नखानं खरवडून शोधलं.

कोथरूडचा बाबा: मस्तच, पण अजिबात पटलं नाही. पोहायला शिकवताना पाठीला डबा बांधतोच ना आपण, का थेट विहिरीत ढकलतो? आमच्या पोराला काही सुचतच नव्हतं, रडकुंडीला आला होता. मग त्याला अरविंद गुप्तांची टाकाऊ वस्तूंची खेळणी दाखवली, ते पूर्वी आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेच्या मुलांसाठीच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत होते. स्ट्रॉचं एक टोक चपटं करून टोकदार कापायचं की पिपाणी तयार. आयडिया आयतीच होती, पण वाजवता वाजवता दुसरं टोक कापत गेला तसा आवाज बारीक होत गेला आणि तिथनं पुढचे प्रश्न त्याचे त्यानंच काढले. नक्कल करतानाही पोरं शिकतात हो.

निवृत्त बाई: तीस वर्षं विज्ञान शिकवलंय म्हणून बोलते. प्रदर्शनात दरवर्षी खायचा सोडा आणि व्हिनेगरचे ज्वालामुखी असायचेच. मी विचारायची, व्हिनेगरऐवजी लिंबू पिळलं तर? बरीच मुलं आईकडे बघायची. आयडिया कुणाचीही असू दे, करून मुलानंच बघितलं पाहिजे.

दोन मुलांची आई: बोलायला सोप्पंय बाई. दोघं नोकरीवर, शाळेचा मेसेज शुक्रवारी रात्री आणि मॉडेल सोमवारी. गेल्या वर्षी मुलीनं स्वतः मटकी उजेडात आणि अंधारात भिजवून मोड मोजले, रोज मोजपट्टी लावून, आणि बक्षीस गेलं विकतच्या एलईडीवाल्या मॉडेलला. घरी येऊन ती वहीच फाडली तिनं. तेव्हापासून मीच ठरवते काय करायचं ते.

सातवीची आई: वही फाडली हे वाचून खूप वाईट वाटलं. ती वहीच तर खरा प्रोजेक्ट होती, परीक्षकांनी आधी वही मागायला हवी, यावर शाळेशी भांडायला मी तुमच्याबरोबर येते. बाबा, तुमचं डब्याचं म्हणणं थोडं पटलं, पण आधी दोन दिवस तरी थांबायचं ना?

कोथरूडचा बाबा: दोन दिवस चालतील, आठ नाही. बाय द वे, लेकीला विचारा, जुना माठ काथ्यानं घासून परत भरला तर?