लढाईचं ट्रेनिंग नक्की कोणाचं भारी, आर्मी, मरीन, नेव्ही की एअर फोर्स?

कुतूहल_फार
अमेरिकन सैन्याच्या ट्रेनिंगबद्दल बरेच दिवस वाचतोय आणि गोंधळ वाढतच चाललाय. मरीनचं (समुद्रातून उतरून जमिनीवर लढणारं दल) बूट कॅम्प, म्हणजे भरतीनंतरचं पहिलं ट्रेनिंग, १३ आठवडे, आर्मीचं बेसिक १०, एअर फोर्सचं तर साडेसात आठवड्यात उरकतं. मग मरीन सगळ्यात तयार आणि एअर फोर्सवाले कच्चे असं समजायचं का? आणि नेव्हीत लढायला शिकवतात तरी का? कोणीतरी नीट सांगा प्लीज.

पायदळप्रेमी
आठवडे मोजून काही हाती लागणार नाही भावा. बेसिक ही पहिली पायरी, खरं काम त्याच्या पुढे. आर्मीत इन्फन्ट्रीला, म्हणजे पायदळात जाणाऱ्याचं बेसिक आणि पुढचं ट्रेनिंग एकाच ठिकाणी सलग होतं, ते आधी १४ आठवडे होतं आणि २०१८ पासून २२ करायला घेतलं, त्यामुळे तुझा १० चा आकडा त्याला लागूच होत नाही. मरीनचा खरा फरक दिसतो तो क्लार्क, मेकॅनिक, स्वयंपाकी यांच्यात. इन्फन्ट्रीत न जाणाऱ्यालाही बूट कॅम्पनंतर महिनाभर वेगळं लढाईचं ट्रेनिंग घ्यावंच लागतं, कारण त्यांच्याकडे प्रत्येक मरीन आधी रायफलमन. आर्मीतल्या क्लार्कला जे मिळतं ते मुख्यतः बेसिकमध्येच.

नेमबाजीचं पण बघ. मरीन २००, ३०० आणि ५०० यार्डांवरून, म्हणजे आधीच माहीत असलेल्या अंतरावरून मारतात. आर्मीत ५० ते ३०० मीटरच्या मध्ये कुठेही टार्गेट उभं राहतं आणि काही सेकंदात परत आडवं होतं, तेवढ्यात ते दिसायला पण पाहिजे आणि लागायला पण पाहिजे. एकात नेम पक्का होतो, दुसऱ्यात नजर आणि हात. मला विचारशील तर दुसरी पद्धत लढाईच्या जास्त जवळची आहे.

डेकवरचा
नेव्हीत लढायला शिकवतात का हे वाचलं आणि राहवलं नाही. जहाजावर शत्रू सहसा समोर दिसतच नाही, क्षेपणास्त्र लागलं की लढाई सुरू होते ती आगीशी आणि आत शिरणाऱ्या पाण्याशी, आणि पळून जायला जागा नसते. २९ जुलै १९६७ ला व्हिएतनामजवळ फॉरेस्टल या विमानवाहू जहाजावर आपल्याच विमानाचं एक रॉकेट चुकून सुटलं, सांडलेलं इंधन पेटलं, आणि त्यात बॉम्ब फुटायला लागले. आग विझवायचं ट्रेनिंग असलेली टीम सगळ्यात पुढे धावली आणि पहिल्याच स्फोटांत जवळजवळ संपली. मागे राहिलेल्यांची छाती मोठी होती पण शिकवलेलं कोणी नव्हतं, एकजण फोम मारतोय आणि दुसऱ्याच्या पाईपचं पाणी तोच फोम धुऊन नेतंय. १३४ माणसं गेली. तेव्हापासून आग विझवणं हे ठराविक टीमचं काम राहिलं नाही, प्रत्येक खलाशाला शिकवतात. आज बूट कॅम्पच्या शेवटी रात्रभराची, १२ तासांची परीक्षा असते, इमारतीच्या आत पाण्यात उभ्या केलेल्या नकली जहाजावर. आग, धूर, भरत जाणारे कप्पे, जखमी माणूस उचलून नेणं. याला लढाईचं ट्रेनिंग म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

निळं_आभाळ
एअर फोर्सचे साडेसात आठवडे बघून निष्कर्ष काढू नका. तिथे लढणारे मुख्यतः वैमानिक, त्यांना तयार व्हायला वर्षं लागतात. व्हिएतनाममध्ये सुरुवातीला नेव्हीचं एक विमान पडायचं त्या बदल्यात शत्रूची जेमतेम दोन-अडीच पडायची. १९६९ मध्ये त्यांनी वैमानिकांना हवाई लढाई शिकवणारं टॉपगन स्कूल काढलं, आणि युद्धाच्या शेवटच्या टप्प्यात हाच आकडा बाराच्या आसपास गेला. एअर फोर्सचा मात्र फारसा हलला नाही. मग त्यांच्या लक्षात आलं की वैमानिक पहिल्या दहा मोहिमांतून वाचला की पुढे टिकायची शक्यता खूप वाढते. म्हणून १९७५ पासून नेवाडात रेड फ्लॅग हा लुटुपुटूच्या हवाई युद्धाचा सराव सुरू केला, त्या पहिल्या दहा मोहिमा घरीच करून घ्यायच्या.

कुतूहल_फार
वा, सगळ्यांना मनापासून धन्यवाद, फॉरेस्टलचं तर माहीतच नव्हतं. म्हणजे एकाच कामाच्या माणसांची तुलना करायची, इन्फन्ट्री तर इन्फन्ट्री. ब्रिटनचे रॉयल मरीन त्यात कुठे बसतात?

पायदळप्रेमी
खूप वर. त्यांच्या शेवटच्या कमांडो परीक्षेत डार्टमूरच्या माळरानावरून वजन घेऊन ३० मैल, ८ तासांच्या आत. अधिकारी असाल तर ७.