शब्दचर्चा : कृतिसंशोधन की उपक्रम?

दिंडोरी, प्राथमिक शिक्षिका : पुढच्या शिक्षण परिषदेत मला माझं 'कृती संशोधन' मांडायचं आहे. सूचनापत्रात शब्द असा तोडून लिहिलाय, बी.एड.च्या पुस्तकात 'कृतिसंशोधन' आहे, आणि शेजारच्या वर्गाचे सर म्हणतात, "अहो मॅडम, तो आपला उपक्रमच की!" काय लिहू? आणि दोन्ही एकच का?

नाशिकरोड, मुद्रितशोधक : लेखनापुरतं सांगतो. 'कृतिसंशोधन', जोडून आणि 'ति' ऱ्हस्व. असा तत्सम शब्द एकटा आला की मराठीत दीर्घ : कृती, बुद्धी, गती. समासात पहिलं पद झाला की मूळचा ऱ्हस्व परत येतो : कृतिशील, बुद्धिबळ, गतिरोधक. अर्थाचं जाणकारांनी बोलावं.

सिडको, निवृत्त अध्यापकाचार्य : एक नाही, मॅडम. परसबाग, वाचनकोपरा हे उपक्रम. चांगलेच असतात, पण त्यांना आधी प्रश्न लागत नाही. कृतिसंशोधनात वर्गातला एक टोचणारा प्रश्न लागतो, मग कारणाचा अंदाज, त्यावर बेतलेला उपाय, आणि उपायाच्या आधी व नंतर चाचणी. उपाय फसला तरी ते कृतिसंशोधनच राहतं. ही संज्ञा कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाच्या 1946च्या लेखातून पुढे आली. स्टीफन कोरी यांनी 1953च्या सुमारास ती अमेरिकेतल्या शाळांत रुजवली. शाळेतला प्रश्न शिक्षकानं स्वतः तपासावा, हा कोरींचा आग्रह.

मला मात्र यातला 'संशोधन' हा शब्द जास्त मोलाचा वाटतो. हिंदीत 'संविधान संशोधन' म्हणजे आपली घटनादुरुस्ती; आपण ज्याला संशोधन म्हणतो त्याला ते 'अनुसंधान' म्हणतात. संस्कृतात 'शुध्' म्हणजे शुद्ध होणं. तो दुरुस्तीचा अर्थ हिंदीनं जपला, आपण शोधाचा धरला. कृतिसंशोधनात मला दोन्ही ऐकू येतात. दुरुस्ती कुणाच्या कृतीची? शिक्षकाच्या. नेमकं हेच सुटतं. मी वर्षानुवर्षं फायली तपासल्या. शीर्षक ठरलेलं : 'विद्यार्थ्यांच्या अमुक चुकांचा शोध व उपाययोजना'. आत शिक्षक कुठंच नाही. एकदा तर तीच स्पायरल केलेली फाइल नाव बदलून परत आली होती. मी नुसता शेरा मारून सोडून दिलं, त्याचं आजही वाईट वाटतं.

दिंडोरी, प्राथमिक शिक्षिका : सर, हे वाचून माझी फाइल पुन्हा काढली. तिसरीच्या वर्गात 52 वजा 27चं उत्तर निम्म्याहून जास्त मुलांनी 35 लिहिलं होतं. 2मधून 7 जात नाहीत, म्हणून 7मधून 2 काढले. कारण म्हणून मी 'सरावाचा अभाव' लिहिलं होतं, कारण ऑक्टोबर छाटणीला पालक द्राक्षबागेत जातात आणि मुलं दांडी मारतात. पण रोज येणाऱ्यांचंही 35च. मग एकीला जवळ बसवून विचारलं, "हातचा का नाही घेतलास?" ती म्हणाली, "मॅडम, हातचा तर बेरजेत असतो. तो वर लिहायचा असतो."

खरंच, दोन्हीकडे मी एकच शब्द वापरत होते. मग आइस्क्रीमच्या दहा-दहा काड्यांना रबर लावून गठ्ठे केले. वजाबाकीत 'हातचा' बंद. 'एक दशक सुटा करा' म्हणायचं आणि मुलांनी रबर काढायचं. तीन आठवड्यांनी पुन्हा चाचणी घेतली, तर जुनी चूक दोघांच्याच वहीत होती.

सिडको, निवृत्त अध्यापकाचार्य : मग 'सरावाचा अभाव' आधी खोडा. हे अस्सल कृतिसंशोधन आहे.

दिंडोरी, प्राथमिक शिक्षिका : शीर्षक असं करते : 'वजाबाकी शिकवताना मी वापरत असलेल्या "हातचा" या शब्दाचा परिणाम'. 'मी' चालेल ना?

सिडको, निवृत्त अध्यापकाचार्य : ठेवाच. आणि त्या दोघांच्या वह्या परिषदेला सोबत आणा, त्यांचं कुठं अडलंय ते बघू.