मदत हवी आहे: केनियातल्या उद्योजक मैत्रिणीसाठी भांडवल, प्रशिक्षण आणि मार्गदर्शक

नमस्कार मंडळी,

आम्ही पश्चिम केनियात, किसुमूजवळ राहतो. नवरा इथल्या एका साखर कारखान्यात आहे. मदत माझ्यासाठी नकोय, इथल्या एका मैत्रिणीसाठी हवी आहे. तिला विचारूनच लिहितेय.

ती पीनट बटर बनवते. धंद्याला तीनेक वर्षं झाली. शेंगदाणे जवळच्या होमा बे भागातून येतात, भाजणं घरच्या अंगणात कोळशाच्या शेगडीवर. निवडायला धाकटी बहीण असते. दोघींचं निवडणं बघत राहावं असं आहे. सुरकुतलेला किंवा टोकाला काळा पडलेला दाणा बोटांना लागला की गप्पा न थांबवता तो बाजूला पडतो. चव उत्तम, शेजारपाजार आणि चर्चमधल्या बायका सगळा माल उचलतात.

गाडी अडलीय ती पुढे. दुकानात ठेवायचं तर केब्सचा, म्हणजे केनियाच्या मानक ब्युरोचा शिक्का लागतो. त्यासाठी स्वच्छ वेगळी जागा हवी, अफ्लाटॉक्सिनची (दाण्यावरच्या बुरशीतून येणाऱ्या विषाची) तपासणी हवी. सध्या ती दाणे मक्याच्या गिरणीतून दळून आणते, ते चालणार नाही. नियम कडक आहे आणि तो तसाच असायला हवा. २००४ साली इथे बुरशी लागलेला मका खाऊन १२५ माणसं गेली होती. म्हणून तिला स्वतःचं दळणयंत्र घ्यायचंय.

पैशांसाठी आम्ही शोधलं ते असं. तिची एक चामा आहे, आपला बचत गट आणि भिशी एकत्र केल्यासारखी. त्यातून उचल मिळते, पण यंत्राएवढी नाही. सरकारचा हसलर फंड (२०२२ पासून) मोबाइलवर ५०० ते ५०,००० शिलिंग देतो, ८ टक्के व्याजाने, पण नव्या माणसाची मर्यादा अगदीच कमी असते. विमेन एंटरप्राइज फंड २००७ पासून आहे, तो बायकांच्या गटाला कर्ज देतो. तिथे अडचण वेगळी. कर्ज गटाचं, म्हणजे सगळ्याजणी एकमेकींना जामीन. बाकीच्या जणी भाजी नाहीतर ओमेना (व्हिक्टोरिया सरोवरातली बारीक सुकी मासळी) विकतात. एकीच्या यंत्रासाठी त्या सगळ्यांना जोखमीत घालणं तिला पटत नाही, आणि मला तिचं म्हणणं शंभर टक्के पटतं.

बँक तारण मागते, जमीन सासऱ्यांच्या नावावर. हे फक्त हिचं रडगाणं नाही. आफ्रिकेतल्या बायकांच्या धंद्यांना मिळायला हवं आणि मिळत नाही, असं कर्ज ४२ अब्ज डॉलर आहे, असा आफ्रिकन डेव्हलपमेंट बँकेचाच अंदाज आहे. त्यांची अफावा नावाची योजना यासाठीच आहे, पण ती उद्योजिकेच्या हातात पैसे देत नाही, स्थानिक बँकांना हमी देते. त्याचा फायदा शाखेत जाऊन कसा मागायचा, हे कुणी सांगेल का?

सगळ्यात आशा वाटते ती लागोसच्या टोनी एलुमेलू फाउंडेशनची. २०१५ पासून ते ५४ आफ्रिकी देशांतल्या नवउद्योजकांना ऑनलाइन प्रशिक्षण, मार्गदर्शक आणि ५,००० डॉलर देतात, परत न करायच्या बोलीवर. धंदा पाच वर्षांच्या आतला लागतो. अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत भरतात. निवडीसाठी व्यवसायाचा आराखडा द्यावा लागतो आणि तिथेच आमचं घोडं पेंड खातं. तिचा हिशेब एका शाळेच्या वहीत आहे, घरखर्च आणि धंदा एकाच पानावर.

बहीण बावीस वर्षांची आहे. तिच्यासाठी न्योटा ही जागतिक बँकेच्या मदतीची योजना दिसली: १८ ते २९ वयाच्या तरुणांना प्रशिक्षण आणि ५०,००० शिलिंग अनुदान. दोघींनी एकाच धंद्यासाठी दोन ठिकाणी अर्ज केला तर अडचण येईल का?

आणखी एक. मध्यंतरी चामात एक जण "अनुदानाचा फॉर्म भरून देतो" म्हणत प्रत्येकीकडून एम-पेसावर (मोबाइलवरून पैसे पाठवायची इथली सोय) पैसे मागत होता. बायकांनी दिले नाहीत. पण खरं-खोटं ओळखायची सोपी खूण असेल तर सांगा, मी त्यांना समजावून सांगेन.

माझा मुख्य प्रश्न: आधी शिक्का, आधी यंत्र, की आधी अनुदानाचा अर्ज? ज्यांनी अन्नप्रक्रियेत किंवा बचत गटांबरोबर काम केलंय, त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद: भुईमूग

अन्नप्रक्रियेत पंचवीस वर्षं काढली, म्हणून अधिकाराने सांगतो: यंत्र सर्वांत शेवटी. आधी तयार मालाचा नमुना प्रयोगशाळेत द्या. पूर्व आफ्रिकेत एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा अब्जात १० भाग आहे. त्याच्या वर आकडा आला तर दोष दळणाचा नसतो, सुकवण्याचा आणि साठवणीचा असतो आणि नवं यंत्र घेऊन तो जाणार नाही. भाजूनही हे विष पूर्ण जात नाही. ओलसर दाणा विकतच घेऊ नये, पोती जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावीत. त्यांची निवडायची सवय मात्र सोन्यासारखी आहे, ती सोडू नका.

किर्डी या सरकारी औद्योगिक संशोधन संस्थेचं किसुमूत केंद्र आहे. स्वतःचं यंत्र घेण्याआधी तिथे जाऊन चौकशी करा.

प्रतिसाद: माणदेशी

ताई, वही आजच दोन करा. एक घराची, एक धंद्याची. आणि तिने स्वतःची मजुरी खर्चात धरलीच पाहिजे. आमच्या गटातल्या बायका तेवढंच विसरायच्या आणि मग नफा कागदावरच राहायचा.

मार्गदर्शकासाठी चेरी ब्लेअर फाउंडेशन बघा, ते उद्योजिकांना ऑनलाइन मार्गदर्शक जोडून देतात. शिवाय परदेशी लोकांना भारतात प्रशिक्षण देणारा आपल्या भारत सरकारचा आयटेक कार्यक्रम १९६४ पासून आहे. विमानभाडं, फी, राहणं सगळं भारत सरकार करतं. हैदराबादच्या नि-एमएसएमई संस्थेत लघुउद्योगांचे अभ्यासक्रम होतात. अर्ज नैरोबीतल्या भारतीय उच्चायुक्तालयामार्फत जातो, आणि तिच्या सरकारची शिफारस लागते, म्हणून लवकर सुरुवात करा.

खूण एकच लक्षात ठेवायला सांगा: अनुदान द्यायच्या आधी जो पैसे मागतो, त्याला दारातूनच परत पाठवायचं.

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. नमुना आधी द्यायचं तिला लगेच पटलं, ती या आठवड्यातच जाणार आहे. मजुरीचं वाचून दाखवलं तेव्हा दोघी बहिणी एकमेकींकडे बघायला लागल्या, त्यांनी ती कधीच धरली नव्हती.

एलुमेलूच्या अर्जासाठी हिशेब मांडायला आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर तिच्याबरोबर बसेल असं कुणी आहे का? ती इंग्रजी छान बोलते. जमत असेल तर व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा.