मदत हवी आहे: कुत्रा गेल्यावर रानातलं फिरणं पुन्हा कसं सुरू करावं?

घरातला म्हातारा कुत्रा नुकताच गेला. पहाटे शेताच्या बांधांवरून त्याच्यासोबतचं फिरणं ठरलेलं होतं. आता बाहेर पडलं की थोड्याच वेळात माघारी फिरावंसं वाटतं. वेळ बदलावी की वाट? घरात एक कुत्रीही आहे, तिला सोबत न्यावं का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

वेळ तीच ठेवा, वाट बदला. अंगाला त्या वेळी उठायची सवय झालेली असते. तो वेळ घरात काढला तर नजर पट्ट्याच्या खुंटीकडेच जाते. जुनी वाट मात्र पहिले दोन-तीन आठवडे नको. नवी वाट अर्ध्या तासाच्या गोल फेरीची निवडा, म्हणजे भरून आलं तरी घर लांब राहत नाही.

माघारी फिरावंसं वाटण्यामागे चालण्याचा वेगही असतो. कुत्र्यासोबत माणूस थांबत थांबत चालतो: या झुडपाशी हुंगणं, त्या दगडाशी पाय वर करणं. एकट्याने तेच अंतर कितीतरी लवकर संपतं आणि उरलेला वेळ खायला उठतो. म्हणून थांबे मुद्दाम घ्या. बांधावर दोन मिनिटं उभं राहा, ओल्या मातीत कुणाची पावलं उमटलीत ते बघा, कोणता पक्षी बोलतोय ते ऐका. कानात इअरफोन नकोत.

पट्टा नसलेला हात फार खुपतो. काठी घ्या, गवतात पाय टाकण्याआधी आपटायला ती लागतेच. आणि निघण्याआधी खिसे तपासा. बिस्किटाचा तुकडा वाटेत अचानक हाताला लागला की सावरणं अवघड जातं.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. भर एवढीच: "आज एकटेच?" असं कोणीतरी विचारणारच. "तो गेला, आत्ता बोलवत नाही" हे उत्तर ठरवूनच निघा. "कुत्राच तर होता" म्हणणाऱ्याला सोबत नेऊ नका. समाज ज्याला दुःख म्हणून मोजत नाही अशा दुःखावर शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये लिहिलं. पाळीव प्राण्याचं जाणं त्यातच येतं. ते दाबावं लागतं म्हणून जास्त जड होतं.

कुत्रीला जरूर न्या, पण तिची फेरी वेगळी ठेवा. ती जागोजागी थांबेल, हुंगेल, त्याला शोधेल. ओढू नका, पट्टा सैल सोडा. जेवणाच्या वेळा बदलू नका. थोडं कमी खाणं चालतं, पण दिवसभर तोंडच लावलं नाही किंवा उलट्या, सुस्ती दिसली तर "दुःखामुळे असेल" म्हणून थांबू नका, पशुवैद्याकडे न्या. गेलेल्या कुत्र्याला संसर्गाचा आजार असेल तर तेही आवर्जून सांगा.

तुमची स्वतःची झोप आणि भूक काही आठवड्यांनीही सुधारली नाही, तर फिरण्यावर भागवू नका, डॉक्टरांशी बोला. जुन्या वाटेवर जाल तेव्हा पहिल्यांदा अर्ध्यापर्यंतच जा, आणि उजेड झाल्यावर.